यात्रा, मंगल आणि खाडीकाठचे देवस्थान

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी बाळकुममधील आमच्या शेजारच्या वृद्ध कोळी आजींनी मला एक प्रश्न विचारला. काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने माझे जपानला जाणे झाले होते. तेथील समुद्रात उभ्या असलेल्या शिंतो देवस्थानाची छायाचित्रे मी त्यांना दाखविली होती. त्या म्हणाल्या, "ताई, इतक्या लांब जाऊन दर्याची देवी बघून आलीस. तिथं पाण्यानं हात धुतलेस, वाकलीस म्हणालीस. मग आमची देवी इथं खाडीवर, हाकेच्या अंतरावर. तिथं तू का येत नाहीस?"

माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा आधार घेता आला असता. परंतु हिंदू देवदेवतांची उपासना करणार नाही, हे सांगणाऱ्या प्रतिज्ञेत जपानी देवतेचा उल्लेख नाही, म्हणून तेथे वाकण्यास हरकत नाही, असे म्हणणे वकिली ठरले असते. प्रतिज्ञा अक्षरांसाठी घेतल्या जात नाहीत. परक्या देशातील देवस्थानाकडे आपण संस्कृतीचे अभ्यासक म्हणून पाहतो आणि शेजारच्या देवस्थानाकडे मात्र पाठ फिरवितो, यात काही विसंगती आहे काय? असल्यास ती कोठे आहे? प्रस्तुत लेखाचा हेतू या प्रश्नाची चिकित्सा करणे एवढाच आहे.

या चिकित्सेसाठी लागणारी दोन साधने आपल्याच किनाऱ्यावर सापडली आहेत. उल्हास नदीचे पाणी बाळकुम-कशेळीवरून पुढे घोडबंदरकडे वळते आणि वसईजवळ समुद्राला मिळते. त्या मुखाच्या उत्तरेस सोपारा, म्हणजे पालि वाङ्मयातील सुप्पारक. येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी त्यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा हाती लागला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. १९५६ हे साल आपल्या सर्वांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. या योगायोगाला कोणताही अर्थ चिकटविण्याचे काम मी करणार नाही. तो एक प्रकारचा शकुनच ठरेल, आणि नवव्या लेखाचा विषय नेमका शकुन व मंगलविधी हाच आहे.

आठव्या लेखाचा विषय यात्रा हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकार व करमणूक यांसाठी बाहेर पडत. अशोक मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय घडते, याची यादीही लेखात आहे: श्रमण-ब्राह्मणांची भेट व दान, वृद्धांची भेट व त्यांना द्रव्यसाहाय्य, जनपदातील माणसांची भेट, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे व प्रश्नोत्तरे. या यादीत वास्तू जवळजवळ नाहीतच. सारी यात्रा माणसांची आहे.

नववा लेख त्याहून सूक्ष्म आहे. आजारपण, मुलामुलींची लग्ने, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात; स्त्रिया तर पुष्कळ व क्षुद्र विधी करतात, असे अशोक म्हणतो. असे विधी करावेत, पण त्यांचे फळ थोडे आहे. मोठे फळ देते ते धम्ममंगल. आणि धम्ममंगलाच्या यादीत पहिले स्थान आहे दास व नोकर यांच्याशी योग्य वर्तनाला. त्यानंतर गुरुजनांचा आदर, प्राण्यांच्या बाबतीत संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान येते. येथे बंदीहुकूम नाही हे लक्षात घेतले पाहिजे. राजाला बंदी घालता आली असती. त्याने लोकांपुढे तुलना ठेवली: या विधीने काय मिळते आणि त्या आचरणाने काय मिळते ते पाहा.

या लेखातील एक वाक्य मात्र मला कधीच पटलेले नाही. स्त्रियांच्या विधींना क्षुद्र म्हणताना ज्या प्रसंगांची यादी राजाने दिली, तिच्यातील आजारपण आणि अपत्यजन्म या दोन्हींचा सर्वाधिक भार स्त्रीवरच पडतो. जेथे वैद्य नाही, औषध नाही आणि मूल तापाने फणफणले आहे, तेथे आई दगडाला शेंदूर लावते. तिची भीती क्षुद्र नव्हती. तिला दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. दुसऱ्या लेखात माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था सांगणाऱ्या राजाच्या हे ध्यानात यायला हवे होते. मंगलविधीची चिकित्सा करणाऱ्याने प्रथम भीतीचे कारण शोधावे, मग विधीकडे वळावे, हा धडा मी त्या लेखाच्या उणिवेतून घेते.

आता जपानकडे वळू. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर इत्सुकुशिमा हे देवस्थान आहे. भरतीच्या वेळी त्याचे सभामंडप आणि लांबलचक ओसऱ्या पाण्यावर तरंगत असल्यासारख्या दिसतात. समोर समुद्रात उभे असलेले लाल तोरणद्वार १८७५ मधील असून ते जमिनीत खोल न रोवता स्वतःच्या भाराने उभे आहे. येथे तीन समुद्रदेवतांची उपासना होते. बेटच पवित्र मानले गेल्यामुळे सामान्यांनी त्यावर पाऊल ठेवू नये, तोरणातून नावेनेच यावे, असा प्राचीन संकेत होता. आज दर्शनार्थी हात व तोंड धुतात, दोनदा वाकतात, दोनदा टाळी वाजवितात आणि पुन्हा एकदा वाकतात. चांद्र पंचांगाच्या सहाव्या महिन्यात सतराव्या दिवशी, भरतीचा अंदाज घेऊन, नावांवरून वाद्यसंगीताचा उत्सव होतो. चंद्र, भरती, नावा आणि वाद्ये! बाळकुमच्या माणसाला यातील काहीही अनोळखी वाटणार नाही.

बौद्ध वाचकाच्या दृष्टीने या स्थानाचा इतिहास अधिक बोलका आहे. ११६४ मध्ये ताइरा नो कियोमोरी या सरदाराने येथे सद्धर्मपुंडरीक सूत्राचे व अन्य सूत्रांचे ३३ सुशोभित पट अर्पण केले. १४०७ मधील पाच मजली पॅगोडा तेथेच टेकडीवर आहे. येथील देवतेची सांगड बेन्झाइतेनशी घातली गेली. ही बेन्झाइतेन म्हणजे सुवर्णप्रभास सूत्रामार्फत पूर्वेकडे गेलेली आपली सरस्वती. देव हे बुद्ध-बोधिसत्त्वांचीच स्थानिक रूपे आहेत, हा सिद्धांत तेथे कित्येक शतके नांदला. मग १८६८ मध्ये मेइजी शासनाने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा आदेश काढला. बुद्धमूर्ती देवस्थानातून हलविल्या गेल्या, बेन्झाइतेनची मूर्ती शेजारच्या बौद्ध मंदिरात गेली आणि सूत्रपठणासाठी १५८७ मध्ये बांधावयास घेतलेला विशाल मंडप शिंतो देवस्थान बनला. हजार वर्षांचे सामंजस्य एका सरकारी आदेशाने संपुष्टात आले.

यावरून दोन निष्कर्ष काढले जातात. कोणी म्हणतो, सामंजस्य थोर होते, शासनाने ते मोडले. कोणी म्हणतो, बौद्धांनी देवांना घरात घेतले, त्याचेच हे फळ. माझ्या मते दोन्ही निष्कर्ष एक प्रश्न टाळतात. त्या सामंजस्याच्या काळात देवस्थानाबाहेर कोण उभे होते?

शिंतो आचारात केगारे, म्हणजे विटाळ, ही कल्पना मध्यवर्ती आहे. मृत्यू, रक्त आणि प्रसूती यांनी विटाळ होतो. म्हणूनच मियाजिमा बेटावर दफनभूमी नाही, आणि प्रसूतीची वेळ जवळ आलेल्या स्त्रीने समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर जावे अशी प्रथा होती. मृत जनावरांचे चामडे कमावणारे, मृतांची व्यवस्था करणारे लोक या विटाळाच्या कल्पनेखाली पिढ्यान्‌पिढ्या वस्तीबाहेर ठेवले गेले. त्यांचे वंशज म्हणजे बुराकुमिन. कायद्याने त्यांचा हीन दर्जा १८७१ मध्ये रद्द झाला. तरी १९२२ मध्ये त्यांना समतेसाठी 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन करावी लागली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी झाला. दोन्ही देशांतील माणसे एकाच दशकात एकच गोष्ट मागत होती.

येथे शिंतोकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. जपानमधील अनेक बौद्ध मंदिरांनी बुराकुमिन मृतांना दिलेल्या धर्मनामांत हीनतादर्शक अक्षरे घातली आणि ती थडग्यांवर कोरली गेली. सोतो झेन पंथाला १९८० च्या दशकात या प्रश्नाचा जाहीर विचार करून चूक मान्य करावी लागली. ज्या तथागतांनी संघात नद्यांचे पाणी समुद्रात मिसळावे तसे सर्व वर्णांचे लोक मिसळतात असे सांगितले, त्यांच्या नावाने चालणाऱ्या मंदिरात मृत माणसालाही समान नाव मिळू नये! नवव्या लेखाच्या कसोटीवर ते मंदिर आणि ते देवस्थान दोन्ही एकत्रच नापास होतात. परंपरा किती जुनी आहे, किती सुंदर आहे, तिच्यात बुद्धमूर्ती आहे की नाही, हे प्रश्न नंतरचे. ती कोणाला बाहेर उभे करते, हा पहिला प्रश्न.

समुद्र आणि देवता यांविषयी पालि वाङ्मयाची भूमिका काय, हेही येथे पाहणे आवश्यक आहे. महाजनक जातकात सुवर्णभूमीकडे निघालेली नौका फुटते. प्रवासी रडतात, आपापल्या देवतांना नमस्कार करतात. बोधिसत्त्व रडत नाही आणि देवतांना नमस्कारही करीत नाही. तो तूप-साखर पोटभर खातो, वस्त्रे तेलात भिजवून अंगाला घट्ट गुंडाळतो आणि डोलकाठीवर चढतो. मग सात दिवस पोहत राहतो. समुद्राचे रक्षण करण्यासाठी नेमलेली मणिमेखला देवता या सात दिवसांत समुद्राकडे पाहावयाचेच विसरलेली असते! ती येऊन विचारते, किनारा दिसत नसताना तू का धडपडतोस? तो उत्तर देतो ते प्रयत्नाच्या बाजूने. शेवटी देवता त्याला उचलून मिथिलेला नेते.

हे जातक देवतेचे अस्तित्व नाकारीत नाही, असा आक्षेप बुद्धिवादी वाचक घेईल आणि तो खरा आहे. परंतु कथाकाराने देवतेला कोठे बसविले ते पाहावे. ती नेमणूक झालेली, कामात चुकलेली आणि माणसाला प्रश्न विचारणारी आहे. उत्तर माणसाकडे आहे. सुप्पारक जातकात तर अंध नावाडी सातशे व्यापाऱ्यांसह नौका वडवामुखाच्या तोंडातून परत आणतो तो कोणत्याही देवतेच्या कृपेने नव्हे. आपण जाणूनबुजून एकाही प्राण्याला दुखविलेले नाही, या सत्यक्रियेच्या बळावर आणतो. सत्यक्रिया हीदेखील चमत्कारच आहे हे मान्य केले, तरी त्या चमत्काराची किंमत नारळाने चुकविता येत नाही. ती आयुष्यभराच्या आचरणानेच चुकवावी लागते.

धम्मपदातील बुद्धवर्गात भयभीत माणसे पर्वत, वने, उद्याने, वृक्ष व चैत्ये यांना शरण जातात, पण ते शरण सुरक्षित नव्हे, असे म्हटले आहे. दुसरीकडे महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या अभ्युदयाची जी सात कारणे सांगितली, त्यांत आपल्या चैत्यांचा मान राखणे हे एक आहे. वरवर पाहता ही विसंगती वाटते. मला ती वाटत नाही. आदर निराळा आणि शरण निराळे. आपल्या माणसांनी ज्या स्थळाभोवती आयुष्य बांधले त्या स्थळाचा अपमान न करणे हा आदर झाला. आपल्या सुखदुःखाचा निर्णय त्या स्थळाच्या हाती सोपविणे हे शरण झाले. आजींच्या प्रश्नातील विसंगती मला येथे सापडली. जपानमध्ये मी आदर दाखविला होता आणि बाळकुममध्ये आदर दाखविला तर त्याला शरण समजले जाईल, या भीतीने तोही नाकारीत होते. भीतीने नाकारणे ही काही चिकित्सा नव्हे.

तथापि ती भीती निराधारही नाही, हे आजींना सांगणे मला आवश्यक वाटते. इत्सुकुशिमाच्या दारात माझी जात कोणाला ठाऊक नव्हती. आपल्याकडील देवळांच्या दारांनी ती पिढ्यान्‌पिढ्या विचारली. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. मंदिरप्रवेशाने दलितांचे सर्व प्रश्न सुटतील असे बाबासाहेबांनी तेव्हाही मानले नव्हते. प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता. जे दार आमच्या आजोबांसाठी बंद होते, त्या दारात नात सहजपणे पाहुणी म्हणून उभी राहू शकत नाही. परक्या देशातील तटस्थता घरच्या अंगणात फुकट मिळत नाही.

आमच्या लेखनातील एका प्रवृत्तीचीही येथे चिकित्सा झाली पाहिजे. कोळी-आगरी समाजाची कुलदेवता एकवीरा कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच आहे. त्यावरून ही देवी म्हणजे मूळची महामायाच, असे आपल्यातील काही जण ठामपणे लिहितात. याला कोरीव लेखाचा आधार नाही. लेखांतून जे सिद्ध होते ते याहून मोलाचे आहे. कार्ल्याच्या एका स्तंभावर सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय भाणक सातिमित याच्या दानाचा लेख आहे. धेनुकाकटाचे यवन, सुतार आणि सुगंधी द्रव्यांचा व्यापारी यांची नावेही तेथे आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून माणसे घाट चढून कार्ल्याला जात होती आणि आजही जातात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात अशा स्थळांचा विचार व्यापारी वाटा आणि मातृदेवतांची ठाणी यांच्या संबंधातून केला. तो मार्ग कष्टाचा आहे. देवीचे नाव बदलून ती आपली म्हणणे सोपे आहे. पण जपानी सिद्धांतकारांनी देवांना बोधिसत्त्व ठरविले तेव्हा हेच केले होते, आणि त्याची गत आपण पाहिली.

आपल्या घरातही पाहावे. परित्राणाचा धागा ताईत म्हणून बांधणे, परित्राणाचे पाणी औषध म्हणून पिणे, बौद्ध स्थळांच्या सहलींत शिल्पांसमोर छायाचित्रे घेऊन शेजारच्या वस्तीतील एकाही माणसाशी न बोलता परतणे, या गोष्टी आपल्याला अपरिचित नाहीत. पहिल्या दोन गोष्टी नवव्या लेखातील अल्पफलाच्या, तिसरी आठव्या लेखातील विहारयात्रेची. महामंगलसुत्त आपण घरोघरी म्हणतो; त्यात आईवडिलांची सेवा, निर्दोष कर्म, विद्या व शिल्प यांना मंगल म्हटले आहे. सुत्त मुखोद्गत करूनही आपण मुहूर्त शोधीत असू, तर दोष सुत्ताचा नाही.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी मी आजींबरोबर खाडीवर गेले. नारळ नेला नाही, शेंदूर लावला नाही; त्यांनीही आग्रह केला नाही. सोनेरी कागदाने मढविलेला नारळ वाजतगाजत आला आणि पाण्यात सोडला गेला. मी वृद्धांना प्रश्न विचारले. पावसाळ्यात जाळी का थांबतात, असे विचारताच आजी म्हणाल्या की त्या दिवसांत मासळीच्या पोटात गाबोळी असते. आज शासनही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद ठेवते. विनयपिटकात भिक्खूंना वर्षावास सांगितला, त्याचे कारणही हिरवे गवत व लहान जीव पायाखाली तुडविले जातात, ही लोकांची तक्रार हेच होते. प्राण्यांच्या बाबतीत संयम हे धम्ममंगल कोळ्यांनी आपल्या पंचांगात जपले आहे. त्याचे श्रेय देवीला द्यावे की अनुभवाला, यावर आजींचे आणि माझे एकमत झाले नाही.

मग त्यांनी पाण्याकडे बोट दाखविले. सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायन यांनी काळवंडलेल्या त्या पाण्यात पूर्वी मिळणारी मासळी आता मिळत नाही, हे त्यांचे दुःख होते. नारळाने हे पाणी शुद्ध होणार नाही, असे मी म्हणाले. त्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ते मला कळतं, ताई. पण नारळ सोडताना तरी सगळा गाव खाडीपाशी येतो. तुझ्या सभेला किती येतात?"

या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप देता आलेले नाही. सोपाऱ्याच्या त्या दोन शिळा ज्या किनाऱ्यावर उभ्या होत्या, तेथेही सारा गाव जमत असला पाहिजे. राजाने आपले म्हणणे लोक जमतात तेथेच कोरविले. आपण आपले म्हणणे आपापल्या विहाराच्या भिंतींच्या आत कोरीत राहिलो, तर ते वाचणारे आपणच असू.